सोरायटिक संधिवातावर मेथोट्रेक्सेट: औषध चांगले, वापर अपुरा

सोरायसिस या कातडीच्या आजारासोबत येणाऱ्या सोरायटिक संधिवातावरचे मेथोट्रेक्सेट हे औषध गोव्यात तालुक्याच्या ठिकाणच्या फार्मसीतही सहसा मिळते. दहा मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या म्हणजे आठवड्याचा भरीव डोस, आणि त्यांची किंमत भाजीपावाच्या बशीएवढीही होत नाही. तरी 'घेतलं, पण गुण आला नाही' हा शेरा या औषधाला वारंवार मिळतो. असा शेरा असलेली फाइल नीट चाळली की बहुतेकदा तीनपैकी एक गोष्ट सापडते. आजार सोरायटिक संधिवात नव्हताच. किंवा होता, पण मुख्यतः मणक्यात होता. किंवा साडेसात मिलिग्रॅमवर सहा आठवडे काढून औषध सोडून दिले होते. आमचे मत आधीच सांगतो. हातापायांचे सांधे आणि कातडी दोन्ही धरणारा आजार असेल, तर सुरुवात याच औषधाने करावी. मात्र पूर्ण डोस, पूर्ण मुदत आणि वेळच्या वेळी रक्ततपासणी यांत तडजोड करू नये.

औषधाला गुण देण्याआधी निदान तपासावे लागते. सोरायसिस असलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांचे सांधे कधी ना कधी धरतात. साधारण ७० टक्के जणांत कातडीचे चट्टे आधी येतात, अनेकदा दहा वर्षे आधी; सुमारे १५ टक्के जणांत सांधे आधी दुखतात आणि चट्टे मागून येतात. म्हणून 'कातडीला काही नाही' हे रुग्णाचे उत्तर पुरेसे मानू नये. केसांची कड, कानामागची घडी, बेंबी आणि ढुंगणाची खाच या चार जागा डोळ्यांनी पाहाव्यात. डोक्यातल्या जाड पापुद्र्यांना लोक वर्षानुवर्षे कोंडा समजतात, आणि बेंबीतला लाल चट्टा तर स्वतःहून कोणी दाखवत नाही.

नखांकडे विशेष लक्ष द्यावे. टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळट-तांबूस डाग, टोकाकडून सुटत आलेले नख, या खुणा शेवटच्या पेऱ्याच्या सांध्याच्या आजाराशी जवळून जोडलेल्या आहेत, कारण नखाचे मूळ आणि त्या सांध्याचे बंध (हाडाला चिकटणारे चिवट पट्टे) एकमेकांत गुंतलेले असतात. गोव्यात यात एक अडचण येते. मासळी साफ करणाऱ्या, शेतात चिखलात उभे राहणाऱ्या लोकांची नखे बुरशीनेही जाड आणि पिवळी होतात. नख खरवडून केओएच ही बुरशीची तपासणी करून घेतली की गोंधळ बराच मिटतो. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, हेही विसरू नये.

सोरायटिक संधिवात ओळखण्याचे, २००६ साली आलेले कॅस्पर निकष संशोधनातल्या वर्गीकरणासाठी तयार झाले, पण बाह्यरुग्ण विभागातही ते मोजायला सोपे आहेत. आधी सांधा, मणका किंवा बंध यांपैकी कुठेतरी दाह हवा. त्यावर किमान तीन गुण लागतात. सध्या सोरायसिस असेल तर दोन गुण. आता नाही पण पूर्वी होता, किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात आहे, तर एक. नखांतले बदल एक, रूमेटॉइड फॅक्टर (रूमेटॉइड या दुसऱ्या प्रकारच्या संधिवातात बहुधा सापडणारा रक्तातला घटक) निगेटिव्ह असणे एक, बोट सुजलेले असणे किंवा पूर्वी सुजल्याची डॉक्टरांनी केलेली नोंद एक, आणि हातापायाच्या एक्स-रेत सांध्यालगत नवे हाड धरलेले दिसणे एक. मूळ अभ्यासात या निकषांची विशिष्टता (आजार नसलेल्यांना वगळण्याची अचूकता) ९८.७ टक्के आणि संवेदनशीलता (आजार असलेल्यांना पकडण्याची अचूकता) ९१.४ टक्के होती.

यातला रूमेटॉइड फॅक्टरचा गुण पुन्हा वाचावा. 'वाताची टेस्ट निगेटिव्ह, म्हणजे वात नाही' असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते, आणि इथे तर निगेटिव्ह येणे हाच निदानाच्या बाजूचा पुरावा आहे. ईएसआर आणि सीआरपी या दाह मोजणाऱ्या रक्ततपासण्यांवरही फार भिस्त ठेवू नये. जवळजवळ निम्म्या रुग्णांत ते सामान्य येतात. सुजलेला सांधा हाताला लागत असेल, तर कागदावरच्या आकड्यापेक्षा हात खरा.

बोटाची सूजही ओळखायला शिकावे. रूमेटॉइडमध्ये सांध्यापुरती गाठ येते. इथे अख्खे बोट मुळापासून टोकापर्यंत एकसारखे फुगते. पुस्तकात त्याला सॉसेजची उपमा आहे, गोव्यात चोरीस म्हटले की रुग्णाला लगेच समजते. पायाचे बोट असेल तर ते बूट काढल्याशिवाय दिसत नाही. टाचेचेही तसेच. माडावर चढणाऱ्या पाडेल्याची टाच दुखली तर ती श्रमाची असे गृहीत धरले जाते. श्रमाची टाच दिवसभराच्या कामाने वाढते. दाहाची टाच सकाळी सर्वांत वाईट असते, अर्धा तास किंवा जास्त आखडलेली राहते आणि चालू लागल्यावर मोकळी होते. दोन्ही टाचा, कोपराची बाहेरची बाजू आणि गुडघ्याच्या वाटीखालचा बंध दाबून पाहायला दोन मिनिटे पुरतात.

या आजाराची नक्कल करणारे दोन आजार लक्षात ठेवावेत. पावसाळ्यात ताप येऊन गेल्यावर दोन्ही हातांचे सांधे महिनोन्महिने दुखत असतील तर आधी चिकनगुनिया मनात आणावा, तापाची तारीख विचारावी आणि आयजीएम (अलीकडच्या संसर्गाची रक्ततपासणी) पाहावे. दुसरा गाउट, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारी सूज. सोरायसिसमध्ये युरिक ॲसिड बरेचदा वाढलेले असते, त्यामुळे केवळ रक्तातला आकडा पाहून पायाच्या सुजलेल्या बोटाला गाउट ठरवणे चुकीचे ठरू शकते. सांध्यात पाणी असेल तर ते काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक शोधणे हाच खात्रीचा मार्ग.

पहिल्याच भेटीत दोन्ही हात आणि दोन्ही पाय यांचा एक्स-रे काढून जपून ठेवावा. सुरुवातीला त्यात काही दिसले नाही तरी पुढच्या तुलनेसाठी तोच आधार असतो. कंबर सकाळी आखडत असेल, रात्री झोपमोड करत असेल, तर माकडहाडाजवळच्या सांध्यांचा एक्स-रे आणि तो सामान्य आल्यास एमआरआय करावा. मणक्याच्या आजारावर मेथोट्रेक्सेटचा उपयोग होत नाही. तिथे वेदनाशामक दाहविरोधी गोळ्या आणि त्या अपुऱ्या पडल्यास थेट बायोलॉजिक (दाह पेटवणारा नेमका रेणू अडवणारी टोचणी) हाच रस्ता आहे. कंबरेसाठी मेथोट्रेक्सेट लिहून सहा महिने वाट पाहणे म्हणजे रुग्णाचे सहा महिने वाया घालवणे.

आता डोस. सुरुवात आठवड्यातून एकदा १० ते १५ मिलिग्रॅमने करावी, दर दोन ते चार आठवड्यांनी ५ मिलिग्रॅम वाढवत २० ते २५ पर्यंत जावे. रक्ततपासणी ठीक असेल तर दोन महिन्यांत हा टप्पा गाठता येतो. वयस्कर माणसात किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर कमी आणि सावकाश; जीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) ३० च्या खाली असेल तर द्यायचेच नाही. दुष्परिणाम आवरण्यासाठी फॉलिक ॲसिड आठवड्याला किमान ५ मिलिग्रॅम, मेथोट्रेक्सेटच्या दुसऱ्या दिवशी. मळमळ किंवा तोंड येणे चालू राहिले तर मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून फॉलिक ॲसिडचे दिवस वाढवावेत. औषध सोडण्याआधी हा उपाय करून पाहिलाच पाहिजे.

डोसाचा मुद्दा अभ्यासांतही दिसतो. २०१२ मध्ये आलेल्या मिपा अभ्यासात २२१ रुग्णांना १५ मिलिग्रॅमचे लक्ष्य ठेवून सहा महिने पाहिले गेले, आणि सांध्यांच्या सुजेवर बनावट गोळीपेक्षा (प्लासिबो, म्हणजे तुलनेसाठी दिलेली औषध नसलेली गोळी) ठळक फरक दिसला नाही. या निकालाचा आधार घेऊन काही जण औषध निकालात काढतात. पण २०१९ मधल्या सीम अभ्यासात ८५१ रुग्ण होते आणि डोस २० मिलिग्रॅमचा. २४ आठवड्यांनी एसीआर २० (सांध्यांत किमान २० टक्के सुधारणा) हा टप्पा एकट्या मेथोट्रेक्सेटवर ५०.७ टक्के जणांनी गाठला, एकट्या इटानरसेप्ट या बायोलॉजिकवर ६०.९ टक्क्यांनी. महागड्या टोचणीपेक्षा कमी, हे खरे. पण किमतीतली तफावत पाहता हा निकाल टाकाऊ म्हणता येणार नाही. कातडीसाठी २०१७ चा मेटॉप अभ्यास आहे. त्वचेखाली १७.५ मिलिग्रॅमपासून टोचणी सुरू करणाऱ्यांपैकी ४१ टक्के जणांचे चट्टे १६ आठवड्यांत किमान तीन चतुर्थांश निवळले, बनावट टोचणीवर १० टक्के जणांचे.

आमची गुणपत्रिका अशी: कातडीला चांगले, हातापायांच्या सांध्यांना मध्यम ते चांगले, सुजलेल्या बोटाला मध्यम, टाचेच्या बंधाला संथ आणि बेभरवशाचे, मणक्याला शून्य. नखांबाबत घाई करू नये. हाताचे नख पूर्ण नवे यायला सहा महिने लागतात, त्याआधी निकाल देण्यात अर्थ नाही.

सर्वांत धोकादायक चूक म्हणजे आठवड्याची गोळी रोज घेतली जाणे. बाकी बहुतेक औषधे रोजची असल्याने घरातली माणसे हीही सकाळच्या डब्यात घालतात. इंग्रजी चिठ्ठीतले 'मंडे' घाईत 'मॉर्निंग' असे वाचले गेल्याची नोंद परदेशात झालेली आहे. म्हणून चिठ्ठीवर वार मराठीत, पूर्ण अक्षरांत लिहावा. शेजारी 'आठवड्यातून फक्त एकदा' असेही लिहावे. वार निवडताना रुग्णाच्या आठवड्यात आधीच पक्का असलेला दिवस धरावा. बार्देशातल्या माणसाला म्हापशाच्या बाजाराचा शुक्रवार सांगितला की तो विसरत नाही. दुसरी चूक ताकदीची. गोळी २.५ मिलिग्रॅमचीही येते आणि १० चीही. '४ गोळ्या' एवढेच लिहिले आणि पुढच्या वेळी फार्मसीत १० ची पट्टी हाती आली, तर १० मिलिग्रॅमचे ४० होतात. एका रुग्णाला एकच ताकद, हा नियम मोडू नये. एका वेळी चार आठवड्यांपेक्षा जास्त साठा देऊ नये.

रोज घेतल्याचे लक्षात आले तर तोंड येण्याची वाट न पाहता थेट गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा तशा सोयीच्या मोठ्या रुग्णालयात जावे. तिथे फॉलिनिक ॲसिड, म्हणजे ल्युकोव्होरिन, लागते. घरातल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या जास्त घेऊन भागत नाही, कारण फॉलिक ॲसिडला कामी लागण्यासाठी जे एन्झाइम हवे तेच मेथोट्रेक्सेट अडवून धरते.

को-ट्रायमॉक्साझोलपासूनही असाच धोका आहे. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी हे स्वस्त अँटिबायोटिक सहज दिले जाते, आणि मेथोट्रेक्सेटसोबत ते पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते. रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावर हे नाव लाल शाईने लिहून ठेवावे.

सुरू करण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), यकृताच्या तपासण्या (एसजीओटी, एसजीपीटी), हिपॅटायटिस बी आणि सी, छातीचा एक्स-रे. नंतर सीबीसी, क्रिएटिनिन आणि एसजीपीटी पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, पुढे दर आठ ते बारा आठवड्यांनी. रक्त कधी द्यायचे हे फारसे कोणी सांगत नाही. डोसानंतर एक-दोन दिवस यकृताची एन्झाइम्स तात्पुरती चढतात, त्यामुळे तेव्हाचा आकडा फसवा येतो. पुढच्या डोसाच्या आदल्या दिवशी रक्त द्यावे. एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल तर थांबवावे. वाढलेला पण त्याहून कमी असेल तर डोस कमी करून पुन्हा तपासावे.

दारूबद्दल गोव्यात मोकळेपणाने विचारावे लागते, आणि विचारताना पेयाचे नाव घ्यावे लागते. 'दारू घेत नाही' म्हणणारा माणूस हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, दारूत धरत नाही. मार्च ते मे हा हुर्राकाचा हंगाम, आणि तो हलका म्हणून मोठ्या ग्लासातून प्यायला जातो. सुमारे १५ टक्क्यांच्या हुर्राकाच्या २०० मिलिलिटरमध्ये जवळपास २४ ग्रॅम अल्कोहोल असते. ४२ टक्क्यांच्या फेणीच्या ६० मिलिलिटरमध्ये २०. म्हणजे हलका ग्लास फेणीच्या पेगहून जड पडतो. रूमेटॉइड संधिवातात मर्यादित दारू यकृताला फारशी जाचत नाही असे दाखवणारी आकडेवारी आहे, पण ती सोरायटिक रुग्णाला लावू नये. इथे पोटाचा घेर, मधुमेह आणि फॅटी लिव्हर आधीच जास्त असतात. औषध चालू असेपर्यंत दारू बंद हेच आमचे मत. जो बंद करणार नाही हे उघड आहे, त्याची एप्रिल-मेमध्ये एक तपासणी जादा लावावी. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांतून निघणारा फिब-४ हा यकृत कडक झाल्याचा अंदाज देणारा आकडा वर्षातून एकदा काढावा. तो १.३ च्या खाली असेल तर दिलासा, २.६७ च्या वर गेला तर फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करून यकृततज्ज्ञांचा सल्ला.

पावसाळ्यात औषधावर नाहक ठपका येतो. डेंगीत प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उतरतात, एसजीओटी-एसजीपीटी चढतात. मेथोट्रेक्सेटच्या विषबाधेतही नेमके हेच दिसते. जून ते ऑक्टोबर या काळात ताप आणि असा रिपोर्ट एकत्र आला तर औषध थांबवावे, डेंगी आणि लेप्टोस्पायरोसिसची तपासणी करावी, आणि ताप गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी रक्त पुन्हा पाहून सगळे जागेवर आले असेल तर औषध परत सुरू करावे. थांबवण्याचा भाग सगळे पाळतात. परत सुरू करण्याचा भाग राहून जातो, आणि दिवाळीपर्यंत सांधे पुन्हा सुजतात. जुलाब-उलट्यांतही त्या आठवड्याचा डोस टाळावा, कारण अंगातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडातून औषध बाहेर पडत नाही. कोरडा खोकला आणि धाप नव्याने सुरू झाली तर मात्र घरी थांबू नये. फुप्फुसाचा दाह क्वचित होतो पण झाला तर गंभीर असतो.

गर्भावर या औषधाचा घातक परिणाम होतो. मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या स्त्रीला गर्भनिरोधाची खात्री करूनच द्यावे आणि गर्भधारणेचा विचार असेल तर एक ते तीन महिने आधी बंद करावे. हा प्रश्न सासूबाई किंवा नवरा समोर बसलेला असताना विचारून खरे उत्तर मिळत नाही. तिला एकटीला विचारावे.

गोळीने मळमळ होत असेल, किंवा डोस १५ मिलिग्रॅमच्या वर नेऊनही फरक नसेल, तर त्वचेखालची टोचणी. १५ च्या पुढे आतड्यातून शोषण नीट वाढत नाही, टोचणीत ती अडचण नाही. पोट किंवा मांडी, दर वेळी जागा बदलून. इथे सिरिंजचा हिशेब जिवावर बेतू शकतो. मिलीला २५ मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून १५ मिलिग्रॅम म्हणजे ०.६ मिली. लाल टोपणाच्या ४० युनिटवाल्या इन्सुलिन सिरिंजवर ती २४ वी रेघ होते, केशरी टोपणाच्या १०० युनिटवाल्या सिरिंजवर ६० वी. '२४ रेघा' पाठ असलेल्या माणसाच्या हाती केशरी सिरिंज आली तर त्याला मिळतात जेमतेम ६ मिलिग्रॅम, आणि औषध चालत नाही असा निष्कर्ष निघतो. रेघा न सांगता मिली सांगाव्यात, आणि शक्य तर १ मिलीची, मिलीच्या खुणांची साधी सिरिंज द्यावी. काही बाटल्या मिलीला १५ मिलिग्रॅमच्याही असतात, म्हणून बाटली बदलली की हिशेब नव्याने करावा. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात, कचऱ्याच्या पिशवीत नाही. घरातल्या गरोदर बाईने बाटली किंवा सुई हाताळू नये.

निकाल तीन महिन्यांनी पाहावा आणि सहा महिन्यांनी ठरवावा. मोजताना २८ सांध्यांची मोजणी वापरू नये. तिच्यात पाय नाहीत आणि बोटांची शेवटची पेरे नाहीत, म्हणजे हा आजार जिथे बसतो त्याच जागा गळतात. ६६ सुजेसाठी आणि ६८ दुखण्यासाठी, एवढे सांधे पाहावेत. सरावाने पाच-सात मिनिटांत होते. दुखरा सांधा जास्तीत जास्त एक, सुजलेला एक, दुखरा बंध एक, चट्ट्यांनी व्यापलेली कातडी जास्तीत जास्त ३ टक्के, वेदना १०० पैकी १५ च्या आत, रुग्णाच्या मते एकूण त्रास २० च्या आत, कामातल्या अडचणींचा हॅक गुण ०.५ च्या आत. या सातांपैकी पाच जमले तर औषध काम करते आहे. २०१५ च्या टिकोपा अभ्यासात दर चार आठवड्यांनी मोजून उपचार वाढवत नेलेल्यांचे सांधे बारा आठवड्यांनी पाहिलेल्यांपेक्षा जास्त सुधारले. वापरलेली औषधे नवलाची नव्हती, भेटी जवळजवळच्या होत्या.

२० ते २५ मिलिग्रॅमवर सहा महिन्यांत हे जमले नाही तर पुढे जावे, त्याच गोळीवर रेंगाळू नये. ॲडालिमुमॅब हे बायोलॉजिक दर १४ दिवसांनी ४० मिलिग्रॅम. त्याचे भारतीय बनावटीचे रूप डिसेंबर २०१४ पासून बाजारात आहे. त्याआधी क्षयाची तपासणी, म्हणजे आयग्रा किंवा मॅन्टू आणि छातीचा एक्स-रे, आणि हिपॅटायटिस बी. डोळ्याचा दाह होत असेल तर ॲडालिमुमॅबच बरे. कातडीचा आजार जोरदार असेल तर सेक्युकिनुमॅबसारखे, आयएल-१७ हा दाह पेटवणारा रेणू अडवणारे औषध सरस, पण आतड्याचा दाह असेल तर ते टाळावे. टोफासिटिनिबची गोळी सोयीची वाटते, तरी ६५ च्या वरच्यांना, धूम्रपान करणाऱ्यांना आणि हृदयविकार असलेल्यांना दुसरा पर्याय नसेल तरच. कमरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन मारून दोन आठवडे बरे वाटवणे हा उपचार नाही. त्याचा असर उतरताना सोरायसिस भडकतो, कधी पूभरल्या फोडांच्या रूपात. एखाद-दुसऱ्या सांध्यात नेमके दिलेले स्टेरॉइड वेगळे, ते उपयोगी आहे.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, धामधुमीत गोळीचा वार चुकतोच. चुकलेला डोस दोन दिवसांपर्यंत घेता येतो. त्याहून उशीर झाला तर तो सोडून द्यावा आणि पुढच्या ठरलेल्या वारी नेहमीइतकाच घ्यावा, दुप्पट नाही.